पसरणीच्या घाटात तापलेला गिअरबॉक्स

मे महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी वाईहून पाचगणीला जाताना, पसरणी घाट निम्म्याहून थोडा अधिक चढून झाल्यावर, माझ्या गाडीच्या डॅशबोर्डवर दातेरी चाकाचे पिवळे चिन्ह उमटले आणि गिअरबॉक्सचे तापमान वाढल्याची सूचना आली. पुढे एस.टी.ची बस होती, तिच्यापुढे सामानाने भरलेला टेम्पो, आणि आम्ही ताशी पंधरा-वीस किलोमीटरच्या वेगाने त्यांच्या मागे रांगत होतो. गाडीत पाच माणसे होती, डिकी भरलेली होती आणि एसी पूर्ण सुरू होता. सूचना येण्याआधीची दोन-तीन मिनिटे गिअर बदलताना गाडीला धक्के बसत होते. मी ते रस्त्याच्या माथी मारले होते.

एका रुंद वळणावर गाडी बाजूला घेतली, लिव्हर ‘पी’वर टाकला, एसी बंद केला आणि इंजिन मात्र सुरूच ठेवले. मागून आलेल्या दोघा-तिघांनी थांबून, इंजिन बंद करा, पुढून पाणी मारा, असे सल्ले दिले. त्यांचा हेतू चांगला होता, पण ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा तेलपंप इंजिनच फिरवते. इंजिन बंद केले की तेल आहे तिथेच तापत पडून राहते. ‘पी’मध्ये गिअरबॉक्सवर भार नसतो, त्यामुळे नवी उष्णता जवळजवळ तयार होत नाही आणि तेल कूलरमधून फिरत राहते. सूचना विझायला तब्बल बारा मिनिटे लागली. खरे तर भार नसताना इतका वेळ लागणे हीच पहिली खूण होती, पण त्या क्षणी मला तिचा अर्थ लागला नाही.

माझी नोकरी वीज उपकेंद्रांत, ट्रान्सफॉर्मरच्या देखभालीत गेली. तेलाने थंड होणारे यंत्र तापले की काय काय पाहायचे, याची एक सवय हाडीमाशी मुरलेली आहे, आणि पुढचे सगळे निदान मी त्या सवयीनेच केले. गाडी जुनी घेतलेली, नऊ वर्षांची, ब्याण्णव हजार किलोमीटर चाललेली, पेट्रोलवरची, सहा वेगांच्या टॉर्क कन्व्हर्टर गिअरबॉक्सची. गिअरबॉक्सचा प्रकार सांगणे आवश्यक आहे, कारण ‘ऑटोमॅटिक’ या एका शब्दाखाली आपल्याकडे चार वेगवेगळी यंत्रे खपतात. २०१४ मध्ये मारुतीने सेलेरिओबरोबर एएमटी आणल्यापासून ऑटोमॅटिक गाड्या घरोघरी आल्या. पण एएमटी म्हणजे नेहमीचाच गिअरबॉक्स, फक्त त्याचा क्लच दाबण्याचे आणि गिअर टाकण्याचे काम यंत्र करते. त्यात तापला तर क्लच तापतो. सोसायटीतल्या शेजाऱ्यांनी मला दिलेले निम्मे सल्ले एएमटीचे होते आणि उरलेले डबल क्लचचे.

टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधला दुवा तेलाचा असतो. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवले आणि एकच सुरू केला, तर त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. तोच खेळ इथे बंद डब्यात, वाऱ्याऐवजी तेलाने चालतो. दुसरा पंखा पहिल्याच्या मागे जितका पडतो तितकी शक्ती तेलात उष्णता होऊन उतरते. सपाट रस्त्यावर वेग आला की आतला लॉक-अप क्लच दोन्ही बाजू एकमेकींना घट्ट धरतो आणि ही घसरण थांबते. पण घाटात बसच्या मागे रांगताना तो लागत नाही, म्हणजे गाडी सतत अर्ध्या क्लचवर चालवल्यासारखी चालते. त्या दिवशीचा माझा ढोबळ हिशेब असा: वाई समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटरवर, पाचगणी सुमारे तेराशे मीटरवर, मध्ये बारा-तेरा किलोमीटरचा रस्ता आणि अर्ध्या तासाचा प्रवास. माणसांसह सतराशे किलोची गाडी इतकी वर चढवायला, टायरांचे घर्षण धरून, चाकांपाशी सरासरी सात-आठ किलोवॉट लागतात आणि कन्व्हर्टरमध्ये त्याच्या वीस-पंचवीस टक्के वाया जातात असे धरले, तर दीड-दोन किलोवॉट उष्णता तेलात उतरते. बादलीत पाणी तापवायची रॉड सात लिटर तेलात अर्धा तास सुरू ठेवावी, असा हा प्रकार आहे. ही उष्णता बाहेर नेणारी व्यवस्था थोडी जरी आळसावली, तरी तेल दर मिनिटाला एक-दोन अंशांनी चढत जाणार.

सोमवारी गाडी एका मोठ्या सर्व्हिस सेंटरला नेली. त्यांनी स्कॅनर लावला, पी-०२१८ हा कोड निघाला, म्हणजे ‘गिअरबॉक्सचे तेल मर्यादेबाहेर तापले’, आणि तासाभरात माझ्या हातात एक लाख ऐंशी हजारांचे अंदाजपत्रक आले: गिअरबॉक्स उतरवणे, क्लचच्या चकत्या बदलणे, कन्व्हर्टर बदलणे. मी विचारले की तापमान नेमके किती गेले होते. सल्लागार म्हणाला, “सर, कोड आलाय म्हणजे तापलाच ना.” कोड हे तक्रारीचे नाव आहे, कारण नव्हे, हे त्याला समजावण्याचा प्रयत्न मी केला नाही, पण जिथे कोणी एकही तापमान मोजलेले नाही तिथे यंत्र उघडू द्यायचे नाही, हे मनाशी ठरवून गाडी परत आणली. नंतर कळले की कोड वाचल्या वाचल्या त्यांनी तो पुसलाही होता. कोडबरोबर त्या क्षणीचे तापमान, वेग, इंजिनचे फेरे अशी एक नोंद गाडीच्या संगणकात साठलेली असते. कोड पुसला की तीही जाते. पसरणीत तेल किती तापले होते हे आता कधीच कळणार नाही.

पुढचा आठवडा माहीतगार माणूस शोधण्यात गेला. भोसरीच्या बाजूला फक्त ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे काम करणारे एक मेस्त्री भेटले. सगळी हकीकत ऐकून त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: “साहेब, हा उष्णता जास्त करतोय, की झालेली बाहेर टाकत नाहीये?” मी तिथेच खुर्चीवर बसलो. उपकेंद्रात ट्रान्सफॉर्मर तापला की आम्हीही हेच विचारत असू, की भार वाढला आहे की पंखे थांबले आहेत. आणि यातले काहीही कळण्यासाठी टाकी उघडावी लागत नाही.

पण त्याच्याही आधी, सेन्सर खरे बोलतो का, हे पाहायचे होते. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीला सकाळी स्कॅनर लावला: इंजिन थंड ठेवणारे कूलंट २८ अंश, आत येणारी हवा २८, गिअरबॉक्सचे तेल २७. थंड असताना तिघांचे एकमत होते. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त ब्लूटूथ स्कॅनरवर बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्सच्या तेलाचे तापमान दिसत नाही, कारण ती माहिती त्या त्या कंपनीच्या स्वतःच्या भाषेत असते. मेस्त्रींच्या उपकरणावर ते दिसत होते, आणि त्याच्याशिवाय पुढचे काहीच करता आले नसते.

मग तेलाची पातळी. या गिअरबॉक्सला तेल पाहायची पट्टी नाही. गाडी रॅम्पवर अगदी समतल उचलून, इंजिन सुरू ठेवून, ब्रेक दाबून लिव्हर सगळ्या जागांवरून एकदा फिरवायचा आणि तेल सुमारे चाळीस अंशांवर आले की चेंबरचा, म्हणजे खालच्या तेलपात्राचा, पातळीचा नट उघडायचा. बारीक धार लागून ती थेंबांवर आली तर पातळी बरोबर. तेल थंड असताना पाहिले तर जास्त भरले जाते, जास्त तापल्यावर पाहिले तर उलटी चूक होते, कारण तेल फुगते. कमी तेलात पंप हवा ओढतो आणि जास्त तेलात फिरते भाग त्याचा फेस करतात. दोन्हींत तेल उष्णता नीट वाहून नेत नाही. आमची धार बरोबर आली. पहिला संशय गेला.

त्याच तेलाचे चार थेंब मेस्त्रींनी वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर सोडले आणि आम्ही चहा घेईपर्यंत तो कागद तसाच ठेवला. नवे तेल लालसर असते. आमचे काळपट तपकिरी झाले होते, पण कागदावर ते सारखे पसरले, मधोमध काळा गाळ बसला नाही. जळकट वास अगदी पुसटसा होता. नटाच्या चुंबकावर करडे, मेणासारखे, बोटाने पुसले जाणारे लोणी होते आणि त्यात चमचमणारा एकही कीस नव्हता. कूलंट तेलात मिसळले असते तर तेलाची गुलाबी लस्सी झाली असती, तीही नव्हती. ज्या चकत्या ‘जळाल्या’ म्हणून मला एक लाख ऐंशी हजारांच्या कामात बदलायला सांगितल्या होत्या, त्या जळाल्याचा कोणताही पुरावा तेलात नव्हता.

उष्णता जास्त तयार होते का, हे रस्त्यावर पाहिले. बाह्यवळणावर ताशी ऐंशीच्या वेगाने गाडी चालवताना मेस्त्री बाजूला स्कॅनर घेऊन बसले. लॉक-अप लागला की इंजिनचे फेरे आणि कन्व्हर्टरमधून बाहेर पडणारे फेरे जवळपास एक व्हायला हवेत. तो घसरत असेल तर दोन्हींत शंभर-दोनशेचा फरक राहतो आणि सपाटीवरही तेल तापते. आमचा फरक दहा-वीसच्या पलीकडे गेला नाही. ब्रेक धरून राहत असेल तरीही गिअरबॉक्सवर उगाच भार येतो, म्हणून परत आल्यावर चारही चाके हाताने फिरवून पाहिली, मोकळी होती. ब्रेक दाबून अॅक्सलरेटर पूर्ण देण्याची जी चाचणी असते ती मेस्त्रींनी केलीच नाही. त्या काही सेकंदांत इंजिनची सगळी शक्ती तेलात उतरते, आणि आधीच भाजलेल्या तेलाला तो चटका कशाला, असे त्यांचे म्हणणे होते.

राहिली बाहेर टाकण्याची बाजू. या गाडीत गिअरबॉक्सचे तेल दोन नळ्यांतून पुढे, एसीच्या कंडेन्सरसमोर, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीसमोर, बसवलेल्या छोट्या कूलरमध्ये जाऊन परत येते. जाणाऱ्या आणि येणाऱ्या नळीचे तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजायचे ठरले, आणि इथे मेस्त्रींना माझा थोडा उपयोग झाला. चकचकीत अॅल्युमिनियमच्या नळीवर त्यांच्या थर्मामीटरने ६१ अंश दाखवले, तेव्हा स्कॅनर १०६ सांगत होता. चकाकणारा धातू स्वतःची उष्णता फार कमी किरणांतून सोडतो आणि आजूबाजूचेच प्रतिबिंब दाखवतो. उपकेंद्रात बसबारचे, म्हणजे वीज वाहणाऱ्या धातूच्या पट्ट्यांचे, उष्णतेचे फोटो काढताना आम्ही हे ठेचा खाऊन शिकलो होतो. दोन्ही नळ्यांवर काळ्या इन्सुलेशन टेपचे दोन वेढे दिले आणि पुन्हा मोजले. जाणारी १०४, येणारी १००. कूलरमधून फिरून आलेले तेल अवघे चार अंश उतरले होते.

कूलर आतून तुंबला असेल किंवा पंप कमजोर असेल, तर प्रवाह मंदावतो. परतीची नळी सोडवून तिला पारदर्शक पाइप जोडला, पाइप खुणा केलेल्या बरणीत सोडला आणि इंजिन सुरू केले. अशा कामातला ढोबळ ठोकताळा लिटरला वीस सेकंदांचा. आम्हाला बावीस लागले. तेल भरपूर येत होते, पण थंड न होता येत होते, म्हणजे दोष कूलरच्या आत नसून बाहेर, हवेच्या बाजूला होता.

बंपर उतरवला. समोरून कूलर स्वच्छच दिसत होता. मेस्त्रींनी कूलर आणि कंडेन्सर यांच्यामधल्या बोटभर फटीत स्क्रू-ड्रायव्हर घालून हळूच ओढला, तेव्हा करड्या ऊनी कांबळ्याचा तुकडा निघावा तसा एक थर सलग बाहेर आला. माती, किडे, आणि या सगळ्याला धरून ठेवणारा कापूस. आमच्या सोसायटीत गाडी जिथे उभी असते तिथे सावरीचे मोठे झाड आहे. एप्रिल-मेमध्ये त्याची बोंडे फुटतात आणि म्हाताऱ्या उडत राहतात. नऊ उन्हाळ्यांच्या नाही, तरी माझ्या ताब्यातल्या तीन उन्हाळ्यांच्या म्हाताऱ्या तिथे जमल्या होत्या. मागच्या बाजूने साध्या नळाच्या धारेने कूलर धुतला. प्रेशरच्या पाण्याने पातळ पट्ट्या आडव्या होतात आणि मग हवा कायमचीच अडते.

कारण सापडले अशा आनंदात मी संध्याकाळी गाडी जुन्या कात्रज घाटात बोगद्यापर्यंत नेली. धुण्यापूर्वी याच चढावर तेल १२१ पर्यंत गेले होते, आता ११२ वर थांबले. नऊ अंश ही लहान गोष्ट नाही. या तेलाला ऐंशी ते पंच्याण्णव अंश मानवतात, आणि त्यापुढे दर दहा-अकरा अंशांना त्याचे आयुष्य निम्मे होते असा ढोबळ नियम आहे. तरीही ११२ पुरेसे नव्हते, कारण पसरणी कात्रजपेक्षा लांब आहे. शिवाय एक गोष्ट खटकत होती: चालत्या गाडीत तापमान उतरे आणि सिग्नलला उभे राहिले की पुन्हा चढे.

दोन दिवस मी हे आकडे घरात घोकत होतो. शेवटी बायको म्हणाली, “अहो, सिग्नलला एसी गरम हवा मारतो असं मी मार्चपासून सांगतेय, त्याचं काय झालं?” मी तेव्हा गॅस कमी झाला असेल म्हणून विषय टाळला होता. चालत्या गाडीत थंड आणि उभ्या गाडीत गरम, हे एसीचे वागणे गिअरबॉक्सच्या वागण्याशी तंतोतंत जुळत होते, आणि दोघांची जाळी एकामागे एक, एकाच पंख्यासमोर होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे पार्किंगमध्ये शांतता असताना बॉनेट उघडून एसी लावला. कंप्रेसर खट्‌ करून लागला. पंखा हलला नाही. एसी लागला की या गाडीत पंखा हळू वेगाने फिरायलाच हवा. गॅरेजच्या गोंगाटात हे आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आले नव्हते आणि घाटात वारा होता. मेस्त्रींनी स्कॅनरवरून हुकूम दिला तेव्हा मोठा वेग सुरू झाला, लहान वेग नाही. लहान वेगाचा प्रवाह एका रेझिस्टरमधून जातो. तो काढून मीटर लावला तर मार्ग पूर्ण तुटलेला. त्याच्यावरचा उष्णतेने तुटणारा फ्यूज गेला होता. पंख्याची मोटर जास्त प्रवाह ओढत असेल तर नवा रेझिस्टरही जळेल, म्हणून क्लॅम्प मीटरने तेवढे पाहून घेतले. मोटर ठीक होती. नव्या रेझिस्टरचे साडेआठशे रुपये झाले.

इंजिन तापल्याचे काट्यावर का दिसले नाही, हाही प्रश्न मला पडला होता. कूलंट बरेच तापले की मोठा वेग आपोआप सुरू होई आणि ते खाली येई. स्कॅनरवर ते ९६ ते १०६ असे वरखाली होताना दिसत होते. डॅशबोर्डचा काटा मात्र या पट्ट्यात मध्यावरून हलत नाही, कारण चालकाने उगाच घाबरू नये म्हणून तो तसाच बसवलेला असतो. इंजिन स्वतःपुरते सांभाळून घेत होते आणि मधल्या स्थिर, गरम हवेत गिअरबॉक्सचा कूलर उभा होता.

तेल बदलायचे की नाही यावर आमचा थोडा वाद झाला. गाडीच्या पुस्तिकेत ते ‘आयुष्यभरासाठी’ भरले आहे असे म्हटले आहे. कोणाच्या आयुष्यभरासाठी, ते लिहिलेले नाही. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ ही जर्मन कंपनी मात्र आपल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल वापरानुसार ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला किंवा आठ वर्षांनी बदलायला सांगते. माझा गिअरबॉक्स त्यांचा नाही, पण चकत्या आणि तेलाचा धर्म तोच. यंत्राने जोर लावून सगळे तेल एकदम धुऊन काढायला मेस्त्रींचा विरोध होता, कारण जुना गाळ सुटून व्हॉल्व्हच्या बारीक वाटांत अडकू शकतो. चेंबरमधून काढले तर निम्मेच तेल निघते, बाकीचे कन्व्हर्टरमध्ये राहते; म्हणून आता एकदा आणि हजार किलोमीटरनंतर पुन्हा एकदा, असे ठरले. पहिल्या खेपेला साडेतीन लिटरच्या आसपास निघाले. फिल्टर बदलला. मजुरीसह सगळा खर्च सोळा हजारांच्या आत बसला.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस लागण्यापूर्वी, पुन्हा पसरणी चढलो. तितकीच माणसे, तसाच एसी, आणि नशिबाने पुढे बसही मिळाली. यावेळी लिव्हर हाताने दुसऱ्यावर धरून ठेवला, म्हणजे गिअर सारखा दुसरा-तिसरा करत बसत नाही, आणि चढावर थांबावे लागले तेव्हा गाडी अॅक्सलरेटरवर तोलून न धरता ब्रेकवर धरली. मेस्त्रींनी एका दिवसासाठी दिलेला स्कॅनर मुलाच्या मांडीवर होता. सर्वात मोठा आकडा १०२ आला, तोही बसमागे पूर्ण थांबल्यावर, आणि वर टेबललँडच्या फाट्याजवळ पोहोचेपर्यंत तो ९४ वर उतरला.

तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना मात्र एक हलका धक्का अजून बसतो. दुसऱ्यांदा तेल बदलल्यावर तो कमी झाला, गेला नाही. मेस्त्री म्हणतात, अजून पाच हजार किलोमीटर चालवा, मग चुंबक पुन्हा पाहू. गाडी उभी करायची जागा मी तेवढी सावरीखालून हलवून घेतली आहे.